गुडघाभर लय

परवा नाक्यावरच्या हॉटेलात चहा पीत होतो. तिथल्या रेडिओवर वाद्यवृंद लागणार होता. रेडिओवरच्या बाई आधी सांगत होत्या, आता ऐकू या लोकगीतावर बांधलेली एक रचना; लय मध्यम, पट्टी काळी दोन, भाव उल्हासाचा.

मी कप खाली ठेवला. गेनूमास्तर असते तर त्यांनी रेडिओलाच विचारलं असतं, "उल्हास कुनाला झालाय, बाई? वाजवनाऱ्याला का तुमाला?" आणि रेडिओने उत्तर दिलं नसतं तर चहा तसाच टाकून उठले असते. रागाने नव्हे. ज्याला विचारलेलं सांगता येत नाही त्याच्यापाशी ते बसत नसत, एवढंच.

गेनूमास्तर म्हणजे लोणावळ्याच्या रेल्वे इन्स्टिट्यूटचे, साहेबलोकांच्या क्लबाचे, बँडमास्तर. मी तिथल्या इंजिन शेडमध्ये कोळसा ओढायला होतो. माझा मुलूख वऱ्हाड. चौथीत शाळा सुटली, लग्न झालं, मग दोन पावसाळे कोरडे गेले आणि एका ओळखीच्या माणसाच्या चिठ्ठीवर मी या डोंगरात येऊन पडलो. इथे सगळंच ओलं. जवारीची भाकर मिळेना, भाषा कळली तरी हेल कळेना. साहेबाने नुसतं नाव विचारलं तरी नोकरी गेली असं मला वाटे. कोळशावर फावडं मारतानाही मी दबकून मारत असे, आवाज झाला तर कुणी रागावेल म्हणून.

एकदा मास्तर शेडवरून चालले होते. थांबले. बराच वेळ नुसते ऐकत राहिले. मग म्हणाले, "वऱ्हाडी, तुजा हात भ्यालेला हाय."

मी म्हणालो, "जी."

"बेस हाय. भ्यालेला मानूस घाई करत न्हाई. उद्यापासून मोठा ढोल तू वाजव."

मला टिंबं, म्हणजे कागदावर लिहिलेले सूर, वाचता येत नव्हती. मास्तर म्हणाले, ढोलाला टिंबं वाचावी लागत नाहीत, तोंडाकडे बघावं लागतं. दुसऱ्या दिवसापासून मी ढोल वाजवू लागलो आणि त्यांच्या घरी भात खाऊ लागलो. भात म्हणजे जेवण नव्हे असं मी तोवर समजत होतो. त्या घरच्या ताटाचे उपकार मी या जन्मी फेडणार नाही, आणि मास्तरांनी ते कधी उपकार म्हणून वाढलेही नाहीत. "बस" म्हणायचे. तेवढंच.

मास्तर मूळचे मावळातलेच, कुणब्याचे. त्यांची वाडी आता नाही. धरण झालं तेव्हा वाडी आणि भाताची खाचरं पाण्याखाली गेली. माणसं कुणी तळेगावला, कुणी मुंबईला, कुणी जवळच्या औंढ्याला पाहुण्यांकडे पांगली. मास्तर त्याआधीच पोरसवदा असताना पलटणीत गेले होते. पहिल्या लढाईत बसऱ्याला होते. "तितं मी निस्तं फुंकलं," असं सांगायचे. "मारलं कुनालाच न्हाई." परत आले ते एक कॉर्नेट, म्हणजे छोटा पितळी कर्णा, एक खाकी कोट आणि टिंबं वाचायची विद्या घेऊन. गाव कुठे विचारलं तर धरणाच्या तळ्याकडे हात करायचे. नवख्याला वाटायचं, पलीकडच्या काठाचं सांगताहेत.

त्यांचं सगळं शास्त्र एका वाक्यात होतं. "गाणं तीन जागी ऱ्हातं. पायात, गळ्यात आन पोटात." पाय म्हणजे लय, गळा म्हणजे पट्टी, पोट म्हणजे भाव. हे तीन ठरल्याशिवाय ते बोटही हलवत नसत. आणि हे फक्त गाण्यापुरतं नव्हतं. घाट चढणाऱ्या गाडीला मागून रेटणारं इंजिन शिटी घाली, की मास्तर जेवता जेवता म्हणत, "आज याची पट्टी उतरलीया. पानी कमी असंल." तारमास्तरांच्या खोकल्याला ते सुराचं नाव घेऊन बोलत. माझ्याविषयी त्यांचं मत असं होतं की माझे पाय ठीक आहेत, पोटही आहे, मध्ये गळाच नाही.

या शास्त्रापायी एक लग्न जवळजवळ मोडलं. बाजारातल्या एका दुकानदाराच्या मुलाची वरात होती. वरातीला सगळे धावत्या चालीचं काहीतरी वाजवतात. मास्तर घोड्याजवळ गेले, नवरदेवाचं तोंड निरखून पाहिलं, परत आले आणि आम्हाला म्हणाले, "खालची पट्टी. लय हळू." वरात अशी चालली की पुढचे लोक मांडवात पोचून परत बघायला आले. मुहूर्त टळायची वेळ झाली. दुकानदार धावत आला. "अहो मास्तर, हे काय! कुणी गेलंय का?"

"नवरदेवाच्या तोंडाबरहुकूम वाजवतोय," मास्तर म्हणाले. "त्याला हसवा, मी चाल वाढवतो."

नवरदेवाला हसवण्यात आलं. आम्ही चाल वाढवली. त्यानंतर बाजारातून लग्नाची सुपारी फारशी आली नाही.

घरात मास्तर आणि त्यांची आई, दोघंच. ठकूबाई. मी मावशी म्हणायचो. वाळल्या शेंगेसारखी बाई, कमरेत कायमची वाकलेली. वाडीत भाताच्या आवणीला, म्हणजे रोपं लावायला बाया खाचरात उतरल्या, की गाणं धरायची ती ठकूबाई. बाकीच्यांनी तिच्या मागून म्हणायचं. धरण झाल्यापासून तिने गाणं म्हटलं नव्हतं. दुःखाने वगैरे नाही. रीतच तशी होती. आवणीचं गाणं कोरड्या पायाने म्हणायचं नाही, आणि आपल्या खाचराचं गाणं परक्याच्या खाचरात म्हणायचं नाही. आपलं खाचर तळ्याच्या तळाशी. म्हणजे विषयच संपला.

मास्तरांच्या मनात मात्र संपला नव्हता. ती आवणी त्यांना अख्ख्या ऑर्केस्ट्रासाठी लिहायची होती: कॉर्नेट, क्लॅरिनेटं, व्हायोलिनं, सगळी. चाल त्यांच्या ध्यानात होती. एक ओळही होती, "माग सर गं बाई, हिरवं ऱ्हाऊ दे म्होरं." आवणी लावताना बाया मागे मागे सरकतात, लावलेलं रोप पुढे राहतं, कोरा चिखल पाठीशी. पण लय त्यांना आठवत नव्हती. बाप्ये चिखलणी करतात, रोपाचे मुठे आणून टाकतात आणि बांधावर बसतात. गाणं बायांचं. आणि ज्या वयात ते नीट कानात शिरायचं त्या वयात मास्तर बसऱ्याला फुंकत होते.

"आये, एकदा म्हनून दाव," ते म्हणायचे.

"पाय कोरडं हायती माजं," म्हातारी म्हणायची.

"घागर ओततो पायावर."

"आन खाचर कुटनं ओतशील?"

तिला सोडलं तर ते गाणं धरणारी दुसरी बाई उरली नव्हती. आणि त्या साली म्हातारीचा दमा वाढला होता. मास्तरांनी तालमी एकदम वाढवल्या. तिने एकदा ऐकून "ह्येच" म्हणावं, एवढंच त्यांना हवं होतं. तिच्यामागे ते म्हणायला कुणीच नव्हतं.

त्यांनी पहिली लय धरली ती पलटणीची. आम्ही इन्स्टिट्यूटच्या मागे वाजवलं. म्हातारी पायरीवर बसून तांदूळ निवडत होती. म्हणाली, "ह्ये लढाईला चाललंय."

मग त्यांनी ते हळू केलं आणि रडव्या सुरांत बसवलं. वाडी बुडाली आहे हे आम्हालाही ठाऊक होतं, आम्ही जीव ओतून वाजवलं. क्लॅरिनेटवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हातारी म्हणाली, "कोन मेलं?"

"तसं न्हाई आये, वाडीचं..."

"आवनीला रडायला आन हसायला येळ कुनाला असतो? मानूस वाकल्यालं असतं."

तिसऱ्यांदा त्यांनी ते मडमांच्या नाचाच्या लयीत टाकलं, तीन-तीनच्या हिशेबात. म्हातारीने थोडं ऐकलं. "ह्यात बाया पडतील," म्हणाली, आणि सूप उचलून आत गेली.

पट्टी मात्र त्यांनी मिळवली, तीही गाण्याशिवाय. त्यांचं म्हणणं पडलं की आई ज्या पट्टीत गायची त्याच पट्टीत शिव्या देते. मग एका सकाळी त्यांनी दुधाचं भांडं लपवलं आणि कॉर्नेट घेऊन दाराआड उभे राहिले. मला चुलीपाशी बसवलं होतं, साक्षीला. म्हातारीने भांडं शोधलं, मांजराला विचारलं, मग सुरुवात केली. "मुडद्या गेन्या! तुज्या पलटनीला पटकी आली न्हाई ती!" दाराआडून कॉर्नेटचा एक बारीक सूर निघाला, थोडा खाली सरकला आणि बरोबर तिच्या आवाजाला जाऊन चिकटला. म्हातारी थांबली. तोही थांबला. ती पुन्हा सुरू झाली, तोही झाला.

"घावली," मास्तर भांडं हातात देत म्हणाले.

पाय उरला. त्यासाठी मास्तरांनी आषाढात अख्खा बँड औंढ्याला नेला. तिथल्या एका पाहुण्याचं खाचर चिखलणी होऊन तयार होतं. आम्ही विजारी गुडघ्यावर दुमडून आत उतरलो. मी जन्मात कधी असल्या चिखलात उतरलो नव्हतो. पाय आत गेला की जमीन तो परत देईना. मास्तर बांधावर उभे राहून आमच्या पायांकडे बघत होते आणि हाताने मोजत होते. "उचला. टाका. उचला. टाका." ट्रम्बोनवाला एका ठिकाणी असा रुतला की त्याला वाद्यासकट उपटावं लागलं. औंढ्याची माणसं कामं टाकून बघायला आली. एक आबा मास्तरांना म्हणाले, "गेनू, ह्यास्नी रोजावर आनलंय का?"

"न्हाई आबा. लय शिकाया आलोय."

"मग चालू द्या. आमी समजलो रोप लावत्यात."

त्या पायांवरून मास्तरांनी लय धरली. जड, ओढत आणलेली. प्रत्येक ठोक्याला माझा ढोल. हीच ती, असं त्यांनी ठरवलं. म्हातारीला पाहुण्याच्या घरी आणून ओसरीवर बसवलं होतं. तिने ऐकलं आणि ती काहीच बोलली नाही. ते सगळ्यात वाईट होतं. मला वाटलं, माझ्या ढोलामुळेच झालं असणार.

नाताळात रेल्वेचे मोठे साहेब इन्स्टिट्यूटमध्ये येणार होते. सेक्रेटरी होते काणे, पुण्याचे. सगळं आधी ठरलेलं असावं असा त्यांचा स्वभाव. वादनाआधी त्यांना दोन शब्द बोलायचे होते. ते रोज येऊन विचारत, "मास्तर, तुमच्या त्या मावळी रचनेची लय काय सांगू? पट्टी? आणि भाव?"

"पट्टी आयेची," मास्तर म्हणायचे. "बाकीचं मागनं सांगतो."

"मागनं म्हणजे वाजवून झाल्यावर का?"

"तवा कळंल."

काणे वाईट माणूस नव्हते. नाताळाच्या दुपारी मास्तर दोन घमेली घेऊन आले आणि म्हणाले की एक मंचावर ठेवायचं आहे, मी त्यात उभा राहणार. काण्यांनी घमेल्यात पाहिलं. चिखल होता. त्यांनी मंचावरचा गालिचा पाहिला. मग म्हणाले, "ठेवा. पण गालिचा सरकवून."

त्या सालच्या वैशाखात तळ्याचं पाणी उतरलं होतं तेव्हा वाडीचे काही बांध उघडे पडले होते. मास्तर तिथून पोतंभर माती घेऊन आले होते. ढेकळं खाटेखाली ठेवली होती. म्हातारीला म्हणाले होते, कोळसा आहे.

दुसरं घमेलं त्यांनी बाहेर नेलं. इन्स्टिट्यूटला एक व्हरांडा होता आणि पुढे साहेबांची हिरवळ. आतल्या खुर्च्या आमच्या लोकांसाठी नव्हत्या. म्हातारी व्हरांड्याच्या पायरीवर बसली होती. मास्तरांनी घमेलं तिच्या पुढ्यात ठेवलं.

"आये, पाय ठेव."

"ह्ये काय रं?"

"आपल्या खालच्या खाचराची माती हाय."

म्हातारीने बोट बुडवलं, अंगठ्यावर घासलं, वास घेतला. "खालची चिकट असती. ही वरच्याची."

"व्हय. वरचंच उघडं पडलं हुतं," मास्तर म्हणाले. "खालचं पान्यातच हाय."

म्हातारीने पाय उचलून घमेल्यात ठेवले. मास्तर आत आले, बूट काढले, बँडची विजार दुमडली आणि घमेल्यात उभे राहिले. मोठ्या साहेबांनी काण्यांकडे पाहिलं. काण्यांनी इंग्रजीत काहीतरी सांगितलं. साहेबांनी मान डोलावली, जणू या देशात बँडमास्तर चिखलातच उभे राहतात.

मी सगळ्यांच्या मागे होतो; समोर, लोकांच्या पलीकडे, व्हरांड्याकडची उघडी खिडकी. मास्तरांची पाठ लोकांकडे, तोंड आमच्याकडे. त्यांना बाहेरचं दिसत नव्हतं. मला दिसत होतं.

कॉर्नेटने चाल धरली, त्या सकाळच्या शिव्यांच्या पट्टीत. मग व्हायोलिनं, मग क्लॅरिनेटं, आणि प्रत्येक ठोक्याला मी. औंढ्याची लय. बाहेर म्हातारीचे पाय घमेल्यात होते. थोडा वेळ ती तशीच बसून राहिली. मग उठली. लुगड्याचा ओचा वर खोचला, हिरवळीच्या कडेला गेली, आमच्याकडे तोंड करून वाकली आणि लावू लागली. हातात काही नव्हतं. डाव्या हातात मुठा असल्यासारखा धरलेला, उजवा हात त्यातून घेतोय आणि गवतात खोवतोय, घेतोय, खोवतोय. हात असा भराभर चालला होता की नजर ठरेना. आणि पाय जागच्या जागी. एक पूर्ण ओळ लावून झाली, तेव्हा कुठे एक पाय निघाला आणि मागे पडला. पुन्हा हात. पुन्हा किती वेळाने पाय.

तेव्हा मला कळलं की आम्ही काय केलं होतं. मास्तरांनी लय आमच्या पायांवरून धरली होती, आणि आम्ही नवखे, पाऊल पाऊल रुतणारे. बायांचा पाय मुळी हलतच नाही. हलतो तो हात.

मला ढोल चुकवायचा नव्हता. मोठे साहेब समोर, पोटाची नोकरी, गावाकडे बायको. पण खिडकीत ती म्हातारी दिसत असताना माझा हात मधे उठेना. एक ठोका गळाला. मग दुसरा. तिचा पाय मागे पडला तेव्हा मी मारला.

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. ते बघणं मला अजून दिसतं. मी ढोलाच्या काठीने खिडकीकडे दाखवलं. त्यांनी मान वळवली नाही. वाजवताना लोकांकडे तोंड करणं त्यांच्या शास्त्रात बसत नव्हतं. मी पुन्हा तिच्या पायाची वाट पाहिली आणि मारला. ढोलाचं ओझं उतरलं तशी क्लॅरिनेटं आपोआप पळू लागली, हलकी, भराभर, आणि खाली बऱ्याच वेळाने एक खोल ठोका. हॉलमध्ये काहीतरी बदललं. मला शब्द सापडत नाही. सगळे वाकलेत असं वाटलं.

मास्तरांनी डोळे मिटले. छडी बगलेत मारली. आणि माझ्या पुढच्या ठोक्याला त्यांचा पाय मागे पडला. घमेल्यात जागा नव्हती. तो गालिच्यावर पडला. त्याच्या पुढच्या ठोक्याला दुसरा. काण्यांनीही डोळे मिटले.

वाजवून झाल्यावर टाळ्या झाल्या. साहेबांनी हात मिळवला. मास्तर तसेच चिखलाच्या पायांनी बाहेर गेले. म्हातारी पायरीवर येऊन बसली होती आणि धापा टाकत होती. मी त्यांच्या मागे होतो, ढोल गळ्यातच.

"आये," मास्तर म्हणाले, "कसं झालं?"

म्हातारीने त्यांच्याकडे पाहिलं नाही. कमरेवर हात ठेवला.

"कंबर दुखली," ती म्हणाली.

मास्तर तिच्याशेजारी पायरीवर बसले. काणे दारात आले होते, त्यांना लय आणि भाव विचारायचे होते. ते न विचारताच आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेडवर निघालो होतो. माझी बदली ठरल्याचं मला तिथे पोचल्यावर कळणार होतं. ढोलाशी त्याचा संबंध नव्हता, कोळसेवाल्यांना असंच हलवत. वाटेत इन्स्टिट्यूट लागलं. हिरवळीवर म्हातारीची चिखलाची पावलं उमटलेली होती, काळी, वाळलेली, एकामागे एक, आखल्यासारखी. मास्तर उघड्या पायांनी त्या पावलांत पाऊल ठेवून उलटे चालले होते. कमरेत वाकलेले. उजवा हात भराभर चाललेला, पाय मात्र थांबून थांबून मागे. ओठ हलत होते.

माळी बादली आणि खराटा घेऊन बाजूला उभा होता. साहेबांची हिरवळ ती. त्याच्याही पोटाचा प्रश्न होता.

"मास्तर," तो म्हणाला, "धुवू का आता?"

मास्तरांनी वर पाहिलं नाही.

"थांब," म्हणाले. "अजून बांध आला न्हाई."